‘छत्तीसगढ मित्र’ आणि त्याचे वाचक

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर मराठी माणूस जेथे जेथे स्थायिक झाला, तेथे तेथे त्याने दोन गोष्टी अगोदर केल्या: एक देऊळ बांधले आणि एक वाचनालय काढले. तिसरी गोष्ट साधली तर नियतकालिक. कोचीसारख्या दूरच्या बंदरातून कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी १८८६ पासून ‘केरळकोकिळ’ चालविला आणि त्यातील पुस्तकपरीक्षणांची पुण्यामुंबईच्या ग्रंथकारांनाही धास्ती वाटू लागली, ही हकीकत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नोंदलेली आहे. ही सारी नियतकालिके मराठी होती. परक्या मुलखात राहून आपल्या भाषेचा दिवा तेवत ठेवणे हा त्यांचा हेतू. रायपुरास मात्र एक निराळा प्रकार घडला. १९०० सालच्या जानेवारीत तीन मराठी गृहस्थांनी मिळून एक मासिक सुरू केले आणि ते काढले हिंदीत. ‘छत्तीसगढ मित्र’ हे त्याचे नाव. ते अवघे तीन वर्षे जगले. छत्तीसगडच्या पत्रकारितेचा आरंभ तेव्हापासून धरला जातो.

मासिकाचा इतिहास लिहिताना संपादकाचे चरित्र लिहिले जाते. ज्यांच्यासाठी ते निघाले, त्या वाचकांची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ‘छत्तीसगढ मित्रा’च्या बाबतीत ती सांगण्यासारखी आहे. या मासिकाच्या संपादकाने दुसऱ्यांच्या पुस्तकांना कसोटी लावली. आणि पुढे काही वर्षांनी वाचकांनी त्यालाच कसोटीला लावले.

प्रथम स्थळाविषयी दोन शब्द. छत्तीसगडाशी मराठ्यांचा संबंध १७४१ साली आला. नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत यांनी त्या वर्षी रतनपूरवर स्वारी केली. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून १७८७ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, तेथला कारभार पाहिला. त्यांच्यामागून सुभेदार आले, १८१८ नंतर इंग्रज अधिकारी आले, राजधानी रतनपुराहून रायपुरास आली, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा हा मुलूखही इंग्रजी अमलाखाली गेला. या उलाढालीत राज्य गेले. पण लेखणी राहिली. कारकून, कमाविसदार, वैद्य, पुराणिक, मागाहून वकील आणि मास्तर अशी मराठी कुटुंबे रायपूर-बिलासपुरात रुजली. रायपूरच्या तात्यापारा, बूढापारा या वस्त्यांतून मराठी घरे होती. घरात मराठी, दारात छत्तीसगढी, कचेरीत हिंदी आणि इंग्रजी, असा त्यांचा चौभाषी संसार चाले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रायपूर हळूहळू शहराचे रूप घेत होते. १८६७ मध्ये नगरपालिका झाली, १८७५ मध्ये राजनांदगावचे महंत घासीदास यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय झाले, १८९४ मध्ये संस्थानिकांच्या मुलांचे राजकुमार महाविद्यालय जबलपुराहून येथे हलविले गेले. विवेकानंदांच्या बालपणीचा काही काळही या गावी गेला. त्यांचे वडील कामानिमित्त येथे राहिले होते. नागपूरहून आलेला लोहमार्ग रायपुरास पोचला, आणि त्याबरोबर कलकत्त्याची वर्तमानपत्रेही. शाळा आली, ग्रंथसंग्रह आले. परंतु येथून निघणारे, येथल्या माणसांविषयी बोलणारे पत्र म्हणावे असे काही नव्हते.

माधवराव सप्रे यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. घराणे मूळचे कोकणातले. लहानपणीच कुटुंब बिलासपुरास आले. प्राथमिक शिक्षण तेथे, माध्यमिक शिक्षण रायपूरच्या सरकारी शाळेत, आणि नंतर जबलपूर, ग्वाल्हेर, नागपूर अशी मुशाफिरी करीत १८९८ साली ते कलकत्ता विद्यापीठाचे बी. ए. झाले. त्या काळी छत्तीसगडात बी. ए. झालेला तरुण म्हणजे तहसिलीची खुर्ची जवळजवळ ठरलेली. सप्रे त्या वाटेला गेले नाहीत. (सरकारी नोकरीला नकार देणाऱ्यांची चरित्रे सरकारी नोकरच अधिक आवडीने वाचतात, असा एक अनुभव आहे.) त्यांनी पेंड्रा जमीनदारीच्या राजकुमाराला शिकविण्याचे काम पत्करले आणि त्या पगारातून शिल्लक टाकून मासिकाचा विचार सुरू केला.

त्यांना दोन जोडीदार मिळाले. रामराव चिंचोलकर हे सहसंपादक झाले. वामन बळिराम लाखे हे रायपूरचे तरुण. पुढे नामांकित वकील म्हणून ते प्रसिद्धीस आले. ते प्रकाशक झाले. तिघांचीही वये तिशीच्या आतबाहेर. सप्रे, चिंचोलकर, लाखे ही नावे मुखपृष्ठावर वाचून एखाद्या काशीकर किंवा प्रयागच्या वाचकाला हे मासिक पुण्याहून निघत असावे असे वाटले असते तर त्यात नवल नव्हते. या तिघांनी मराठीत मासिक का काढले नाही, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कृतीतच आहे. मराठीत काढले असते तर ते तात्यापाऱ्यातील शेजाऱ्यांपुरते राहिले असते. ज्या मुलखाचे अन्न खाल्ले त्या मुलखाशी त्याच्या वाचनाच्या भाषेत बोलावे, हा विचार त्यामागे होता. नावही मोठे सूचक निवडले होते: गुरु नव्हे, दीपक नव्हे, मित्र.

पहिला अंक जानेवारी १९०० चा. योगायोग असा, की त्याच महिन्यात अलाहाबादच्या इंडियन प्रेसमधून ‘सरस्वती’ मासिक निघाले. ‘सरस्वती’च्या पाठीशी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेचे अनुमोदन होते, चिंतामणी घोष यांच्यासारखा जाणता मुद्रक-मालक होता, उत्तम छपाई होती, चित्रे होती. पुढे महावीरप्रसाद द्विवेदी संपादक झाल्यावर या मासिकाने एका पिढीचे हिंदी गद्य घडविले. ‘छत्तीसगढ मित्रा’च्या पाठीशी एका मास्तराचा पगार आणि दोन मित्रांची उमेद होती.

आणि काळ कोणता? १८९६-९७ च्या दुष्काळातून छत्तीसगड सावरले नव्हते तोच १८९९ चा पाऊस चुकला. संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ या नावाने उत्तर हिंदुस्थानात ज्याची आठवण राहिली, तोच हा दुष्काळ. मध्यप्रांतात त्याची सर्वाधिक झळ ज्या जिल्ह्यांना लागली त्यांत रायपूर होते. धानाचा मुलूख, एका पिकावर सारा संसार, ते गेले की गावेच्या गावे खडी फोडण्याच्या आणि तलाव खणण्याच्या सरकारी कामांवर लोटत. ‘छत्तीसगढ मित्रा’चे पहिले अंक टपालात पडत होते त्या महिन्यांत हे चित्र होते. वर्गणीची चार नाणी बाजूला काढणे हेदेखील त्या वर्षी कित्येक मध्यम घरांना जड गेले असेल. मासिकाच्या आर्थिक अपयशाची चर्चा करताना ही गोष्ट विसरली जाते आणि साऱ्या दोषाचे खापर वाचकांच्या अनास्थेवर फुटते. ते पूर्णपणे न्याय्य नाही.

मासिक चालविण्याची व्यवस्थाही मोठी विलक्षण होती. संपादक पेंड्र्यास, प्रकाशक रायपुरास. आरंभी छपाई रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात होई; पुढे ती नागपूरच्या देशसेवक छापखान्याकडे गेली. पेंड्रा ते रायपूर सुमारे दोनशे किलोमीटर, रायपूर ते नागपूर आणखी तीनशेच्या घरात. पेंड्र्याच्या रानात लिहिलेला मजकूर आगगाडीने नागपूरला जावा, जुळाऱ्याने तो खिळ्याखिळ्याने जुळवावा, मुद्रिते तपासली जावीत, आणि छापलेले अंक पुन्हा पत्ते घालून टपालात पडावेत. यात एक जरी टप्पा लांबला तरी अंक उशिरा निघे, आणि अंक उशिरा निघाला की वाचकाची नाराजी पहिल्याप्रथम वर्गणीवर निघते, हा नियतकालिकांच्या व्यवसायातला जुना अनुभव आहे. आजच्या मुद्रकाला या यातायातीची कल्पना करवणार नाही. त्या काळी छापखाना हे गावातील एकच असे ठिकाण होते की जेथे लेखक, कवी, वकील आणि कारागीर एका बाकावर बसत. त्या अर्थाने तो धंदाही होता आणि कार्यशाळाही.

मासिकाने आपले उद्देश पहिल्याच अंकात मांडले होते. त्यांचा आशय असा: छत्तीसगडात एकही पत्र नाही, ती उणीव भरून काढून तेथे विद्येचा प्रसार करावा, हिंदी भाषेची उन्नती व्हावी आणि तीत जे केरकचऱ्यासारखे लिहिले जात आहे ते दूर व्हावे म्हणून ग्रंथांचे निर्भीड परीक्षण करावे, आणि इतर भाषांतील चांगल्या लेखांचे सार वाचकांपुढे ठेवावे. यांपैकी दुसरा उद्देश सर्वांत धाडसाचा. हिंदीत तेव्हा पुस्तकाची ‘पोच’ देण्याची चाल होती. पुस्तक आले, छपाई सुबक आहे, मूल्य अमुक, वाचकांनी अवश्य घ्यावे, इतके लिहिले की संपादकाचे कर्तव्य संपले. सप्रे यांनी ही चाल मोडली. श्रीधर पाठक हे त्या वेळी खडी बोलीतील काव्याचे अग्रणी. त्यांच्या काव्यग्रंथांची सविस्तर परीक्षणे ‘मित्रा’त आली. भाषांतर मुळाशी कोठे प्रामाणिक राहिले, कोठे ढळले, शब्दयोजना कोठे सैल झाली, याची छाननी त्यांत असे. गुण सांगताना हात आखडता घेतलेला नसे आणि दोष सांगताना भीड धरलेली नसे.

ही दृष्टी कोठून आली, हे मराठी श्रोत्यांस सांगण्याची फारशी गरज नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ पासून सात-आठ वर्षे मराठी वाचकाला हेच शिकविले होते, की ग्रंथावर टीका म्हणजे ग्रंथकाराशी वैर नव्हे. ‘विविधज्ञानविस्तारा’ने ती परंपरा पुढे शांतपणे चालविली. गंगाप्रसाद अग्निहोत्री यांनी चिपळूणकरांचे निबंध ‘निबंधमालादर्श’ या नावाने हिंदीत आणले होते; तेही मध्यप्रांतातलेच. नागपूर-जबलपूर-रायपूर या पट्ट्यात मराठी विचार हिंदीत उतरविणारी एक लहानशी मंडळीच त्या काळी तयार झाली होती, आणि सप्रे हे तिच्यातले सर्वांत चिकाटीचे. हिंदी समीक्षेच्या इतिहासात ‘छत्तीसगढ मित्रा’ला जे स्थान दिले जाते ते याच परीक्षणांमुळे. व्याकरणकार म्हणून पुढे कीर्ती मिळविणारे कामताप्रसाद गुरू यांच्यासारखे लेखकही या मासिकाने आपल्याभोवती जमविले.

एप्रिल १९०१ च्या अंकात सप्रे यांची एक लहानशी गोष्ट छापली गेली: ‘एक टोकरी भर मिट्टी’. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवावयाचे असते, आणि मध्ये एका विधवेची झोपडी येते. वकिलांच्या खिशात पैसे टाकून तो झोपडी कायद्याने आपल्या ताब्यात घेतो. विधवा एक दिवस येऊन विनविते, की नातीने घर सुटल्यापासून अन्न सोडले आहे; झोपडीतील टोपलीभर माती मिळाली तर तिची चूल मांडीन, म्हणजे ती जेवील. माती भरल्यावर ती जमीनदारालाच टोपली उचलू लागण्यास सांगते. ती काही त्याच्याने उचलत नाही. तेव्हा म्हातारी त्याला विचारते, की एका टोपलीचा भार सोसवत नाही, तर या झोपडीत अशा हजारो टोपल्या माती आहे, तिचा भार जन्मभर कसा सोसाल? जमीनदार उमजतो आणि झोपडी परत करतो.

गोष्ट एवढीच. दीड-दोन पानांची. शैलीचा डौल नाही, निसर्गवर्णन नाही. परंतु ती लिहिणारा माणूस एका जमीनदाराच्या मुलाचा शिक्षक म्हणून पोट भरीत होता, आणि ज्या मुलखात ती लिहिली गेली तेथे दुष्काळानंतर जमिनी हातोहात फिरत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या टोपलीचे वजन कळते. तत्कालीन वाचकांत तिच्यामुळे खळबळ माजली असे दिसत नाही. मासिकातला एक बोधपर मजकूर म्हणून ती वाचली गेली असावी आणि पान उलटले गेले असावे.

पण तोट्याचे काय? पहिल्या वर्षी तोटा आला; दुसऱ्या वर्षीही आला. समकालीन पत्रांनी मासिकाचे स्वागत केले, मजकुराची वाखाणणी केली. परंतु वाखाणणी करणारा आणि वर्गणी भरणारा हे दोघे एकच असतात असे नाही. त्या काळच्या मराठी मासिकांचे जुने अंक चाळले तरी हाच सूर ऐकू येतो: अंक ठेवून घेणारे पुष्कळ, व्ही. पी. सोडवून घेणारे थोडे. रायपूर-बिलासपुरात इंग्रजी शिकलेले थोडके. त्यांतील काहींना हिंदी वाचणे कमीपणाचे वाटे. जे केवळ हिंदी वाचणारे, त्यांना ग्रंथपरीक्षणापेक्षा कथाकीर्तन जवळचे. आणि ज्या मराठी घरांतून मासिकाला पहिला आधार मिळावयाचा, तेथे ‘केसरी’ येत असे. दुसऱ्या पत्राला दरमहा पैसे कोण देणार? अशा रीतीने ‘मित्रा’ला मित्र पुष्कळ होते, वर्गणीदार थोडे. डिसेंबर १९०२ मध्ये तीन वर्षे पुरी करून मासिक थांबले. तीन वर्षे हा काळ थोडा वाटतो. पण त्या काळी वर्षाच्या आत मिटलेली नियतकालिके मोजू गेल्यास या तिघांच्या चिकाटीचे कौतुकच वाटेल.

मासिक बंद पडले म्हणून सप्रे गप्प बसले नाहीत. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश करावयास घेतला तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम त्यांच्याकडे आले. १९०६ मध्ये त्यांनी नागपूरहून ‘हिंदी ग्रंथमाला’ काढली. मिलच्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथाचा द्विवेदींनी केलेला अनुवाद तीतूनच वाचकांपुढे आला. एप्रिल १९०७ मध्ये त्यांनी टिळकांच्या संमतीने नागपुरातून ‘हिंदी केसरी’ सुरू केला. येथे मात्र वाचकांनी निराशा केली नाही. जे वाचक ग्रंथपरीक्षणाला वर्गणी देत नव्हते, ते राजकारणाला देऊ लागले. पुण्याच्या ‘केसरी’तील लेखांचा आशय हिंदीत आला आणि टिळकांचा शब्द मराठी न जाणणाऱ्या गावोगावच्या वाचकांपर्यंत पोचला. सप्रे यांचे नाव हिंदी मध्यप्रांताच्या तोंडी झाले.

हीच गोष्ट त्यांच्यावर उलटावयाची होती. २२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्टला, सप्रे यांना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. ‘देशसेवका’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर हेही त्याच सुमारास पकडले गेले. वाचकांनी मनात धरलेली प्रतिमा स्पष्ट होती: गुरू मंडालेला गेले, शिष्यही हसत तुरुंगात जाईल. घडले निराळेच. सप्रे यांचे वडील बंधू त्यांच्यामागे लागले. माफी मागितली नाहीस तर मी जीव देईन, असे त्यांनी निकराचे सांगितले, अशी हकीकत चरित्रकार देतात. पित्याच्या जागी असलेल्या त्या भावापुढे सप्रे यांचा निश्चय ढासळला. त्यांनी माफीपत्रावर सही केली आणि नोव्हेंबरात ते सुटले.

ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले होते त्यांनीच त्यांना खाली ठेवले. वाचकांच्या या रोषाविषयी आज शंभराहून अधिक वर्षांनी निवाडा देणे सोपे आहे. कोणी म्हणेल, संसारी माणसाकडून एवढी अपेक्षा कशाला? कोणी म्हणेल, ज्याने दुसऱ्यांना निर्भय होण्यास शिकविले त्याने स्वतः माघार घ्यावी काय? दोन्ही बाजूंनी बोलता येते. विशेष हे, की स्वतः सप्रे यांनी वाचकांची बाजू घेतली. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. भावाचे नाव पुढे करून आपली सुटका करून घेतली नाही. नवे पत्र काढून जुन्या लौकिकाला ठिगळ लावण्याचा प्रयत्न केला नाही. ग्रंथपरीक्षक म्हणून जी कठोर कसोटी ते इतरांच्या पानांना लावीत आले, तीच त्यांनी आपल्या सहीला लावली. ते वर्ध्याजवळ हनुमानगडावर श्रीधर विष्णु परांजपे या रामदासी सत्पुरुषाकडे गेले. तेथे वर्षाहून अधिक काळ माधुकरी मागून ते राहिले आणि ‘दासबोधा’ची पारायणे करीत राहिले. बी. ए. झालेला, शेकडो घरांत ज्याचे नाव माहीत आहे असा संपादक झोळी घेऊन दारोदार फिरत होता.

त्या पारायणांतून ‘हिंदी दासबोध’ निघाला. रामदासांची ओवी हिंदी गद्यात आणणे किती अवघड, हे ज्याने ‘दासबोध’ मुळात वाचला आहे त्यालाच समजेल. त्या ओवीचा निम्मा जोर तिच्या तुटकपणात आहे. सप्रे यांनी अलंकाराच्या मागे न लागता अर्थ सरळ उतरविला. रायपुरास परत आल्यावर त्यांनी रामदासी मठ काढला आणि जानकीदेवी महिला पाठशाळा ही मुलींची शाळा सुरू केली. तीत मुलींचे शिक्षण हे केवळ धार्मिक वाचनापुरते ठेवावे, असा त्यांचा विचार नव्हता. मग १९१५ साली टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले आणि त्याच्या हिंदी अनुवादाचे काम टिळकांनी सप्रे यांच्याकडे सोपविले. माफीपत्रावर सही करणाऱ्या शिष्याकडे, मंडालेहून परत आलेल्या गुरूने तुरुंगात लिहिलेला ग्रंथ दिला, एवढी घटना त्या प्रकरणाविषयी टिळकांचे मत काय होते ते सांगण्यास पुरेशी आहे. तो अनुवाद उत्तर हिंदुस्थानात घरोघरी गेला, त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही त्यांनी ‘महाभारत मीमांसा’ म्हणून हिंदीत आणला. ‘छत्तीसगढ मित्रा’ला जे वर्गणीदार कधी मिळाले नाहीत, ते या अनुवादांना मिळाले. सप्रे यांचे नाव मात्र पहिल्या पानावर लहान अक्षरांत असे, आणि त्यांस ते तसेच हवे होते असे म्हणावयास जागा आहे.

मधल्या काळात प्रकाशक लाखे कोठे होते? मासिकाचा तोटा सोसलेला हा माणूस हिशेबाला कंटाळला नाही. १९१३ मध्ये त्यांनी रायपुरात सहकारी पेढीचा पाया घातला आणि शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न हाती घेतला. सरकारने रायसाहेब ही पदवी दिली. १९२० मध्ये असहकाराच्या हाकेसरशी त्यांनी ती परत केली. रायपुरात आज त्यांच्या नावाचा भाग आहे, शाळा आहे. परंतु लाखे नगरात राहणाऱ्या किती जणांना ते एका मासिकाचे प्रकाशक होते हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे.

१९२० साली जबलपूरहून ‘कर्मवीर’ साप्ताहिक निघाले. त्याच्या उभारणीत सप्रे यांचा मोठा हात होता. पण संपादकाच्या खुर्चीवर त्यांनी माखनलाल चतुर्वेदी यांना बसविले. स्वतः ते पुन्हा कधी कोणत्याही पत्राच्या अग्रभागी बसले नाहीत. १९२४ मध्ये देहरादून येथे हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. आपण महाराष्ट्रीय असलो तरी हिंदीविषयीचा आपला अभिमान कोणाही हिंदी भाषिकाहून कमी नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. ज्या वाचकवर्गाने १९०८ मध्ये पाठ फिरविली होती, त्याच वर्गाने सोळा वर्षांनी हा मान दिला. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरास त्यांचे निधन झाले.

त्यांच्यामागून रायपूरने पत्रांचा व्यवसाय चांगलाच वाढविला. रविशंकर शुक्लांचे ‘महाकोशल’ आले, १९४२ च्या धामधुमीत ‘अग्रदूत’ आला, १९५९ मध्ये मायाराम सुरजन यांनी पुढे ‘देशबंधु’ म्हणून ओळखले गेलेले दैनिक सुरू केले. मराठी घरातून हिंदी लेखणीकडे जाण्याची वाटही मोडली नाही. गजानन माधव मुक्तिबोध नागपुरात ‘नया खून’ या साप्ताहिकात खपले आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात आले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता लिहीत राहिले. एकाच घरात दोन भाषांच्या दोन कविता, असे उदाहरण इतरत्र क्वचितच सापडेल. १९८४ मध्ये भोपाळ येथे माधवराव सप्रे यांच्या नावाने जुन्या वृत्तपत्रांचे आणि नियतकालिकांचे संग्रहालय स्थापन झाले. वर्गणीदारांनी ज्यांची व्ही. पी. परत केली असेल अशी कित्येक मासिके आता तेथे कापडी बांधणीत जपली जातात आणि अभ्यासक ती मागून घेऊन वाचतात.

राहता राहिली ती टोपलीभर माती. १९०१ मध्ये पान उलटले गेलेली ती गोष्ट साठ-पासष्ट वर्षे त्या जुन्या अंकांतच पडून होती. हिंदीतील पहिली कथा कोणती, या वादात किशोरीलाल गोस्वामींची ‘इंदुमती’, रामचंद्र शुक्लांची ‘ग्यारह वर्ष का समय’, बंगमहिला यांची ‘दुलाईवाली’ अशी नावे पुढे येत; ‘छत्तीसगढ मित्रा’चे नाव कोणी घेत नसे. १९६८ मध्ये ‘सारिका’ या मासिकात ती पुन्हा छापली गेली आणि हिंदीची पहिली मौलिक कथा हीच, असा दावा मांडला गेला. वाद अजून मिटलेला नाही. पण कथा आता पाठ्यपुस्तकांतून वाचली जाते. तिच्याकडे लक्ष वेधणारे गृहस्थ देवीप्रसाद वर्मा. ते ‘बच्चू जांजगीरी’ हे टोपणनाव लावीत, आणि जांजगीर हे छत्तीसगडातलेच एक गाव आहे.